विधेयक वाचायचं तर मूळ कायदा शेजारी उघडा

संविधानाचं कलम 212 सगळ्या आमदारांना पाठ असायला हवं. विधिमंडळाच्या कामकाजात पद्धतीची चूक झाली, एवढ्या कारणावरून त्या कामकाजाला कोर्टात आव्हान देता येत नाही, असं ते सांगतं. म्हणजे "आमदारांनी हे विधेयक वाचलंच नव्हतं" हा मुद्दा कोर्टात चालत नाही. उलट कायद्याचा अर्थ लावताना न्यायाधीश असं धरून चालतात की विधिमंडळाने एकही शब्द उगाच घातलेला नाही. 'किंवा' लिहिलंय तर 'किंवा'च. गोव्याच्या चाळीस आमदारांपैकी तो शब्द कुणी पाहिला होता का, हे तिथे कुणी विचारत नाही. वाचायचं ते पर्वरीला, विधानसभेतच, आणि मत देण्याआधी.

माडाचंच बघा. 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात 'झाड' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि ती बुंध्याला फुटणाऱ्या फांद्यांवर उभी आहे. माडाला फांद्या नसतात, म्हणून त्याचा उल्लेख वेगळा करावा लागतो. 2016 च्या दुरुस्तीने माड त्या कायद्याच्या संरक्षणातून बाहेर काढला आणि तो तोडायला या कायद्याखाली परवानगी लागेनाशी झाली. गोवाभर ओरड झाली आणि 2017 मध्ये माड परत आत घ्यावा लागला. दुरुस्ती विधेयकात असं काही वगळायचं असलं की "अमुक कलमातील अमुक शब्द वगळण्यात यावेत" एवढीच ओळ असते. नुसती ती ओळ वाचून काहीही कळत नाही. मूळ कायदा उघडून त्या शब्दांवर पेन्सिलीने रेघ मारली आणि उरलेलं वाक्य मोठ्याने वाचलं, की काय गेलं ते दिसतं.

ही रेघ मारायची सवयच नाही, हे माझं खरं दुखणं आहे. बहुतेक जण सोबतचं 'उद्देश व कारणे' निवेदन वाचतात आणि त्यावरच भाषण करतात. ते निवेदन सरकारने सरकारची बाजू मांडण्यासाठी लिहिलेलं असतं आणि कायद्याचा भाग होत नाही. मागून वाचायला घ्या. आधी प्रदत्त विधानाबद्दलचं निवेदन बघा, म्हणजे कोणते अधिकार नियम करून वापरायला सरकारच्या हाती सोपवलेत ते कळेल. मग 'विहित केल्याप्रमाणे' हे शब्द कितीदा आलेत ते मोजा, कारण ते जिथे आहेत तिथला खरा कायदा अजून लिहायचाच आहे आणि तो अधिकारी लिहिणार आहेत. शेवटी कलमं घ्या. निर्णय कोण घेणार, मामलेदार, उपजिल्हाधिकारी की मंत्री? किती दिवसांत? ज्याची जमीन आहे त्याला नोटीस जाणार का? अपील कुठे? कायदा मागच्या तारखेपासून लागू होतोय का? पाच-सहा पानांच्या दुरुस्तीला एवढं करायला एक संध्याकाळ पुरते.

नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) ला ही संध्याकाळ मिळायला हवी होती. 2023 च्या या दुरुस्तीने प्रादेशिक आराखड्यातल्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नकाशातल्या, 'अनवधानाने झालेल्या चुका' आणि 'विसंगत' झोनिंग दुरुस्त करायची वाट काढली. चूक म्हणजे नक्की काय, ती कुणाच्या अर्जावर ठरणार, गावाला विचारायचं की नाही, हे प्रश्न कलम वाचताक्षणी पडायला हवेत. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्द केली आणि कलमाचा अर्थ आवळून दिला. तोवर किती जमिनींचे झोन बदलून गेले होते!

भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक 30 जुलै 2021 ला, तीन दिवसांच्या पावसाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी संमत झालं. विरोधकांनी सभात्याग केला होता. गोव्यात 30 वर्षं राहणारा तो भूमिपुत्र, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या घराला 250 चौरस मीटरपर्यंत मालकी. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), खासगी जमीन, सगळ्यांना हात घालणारा हा मजकूर होता. लोकांनी तो वाचला तो संमत झाल्यावर. मग विधेयक राज्यपालांकडे पाठवणार नाही, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना जाहीर करावं लागलं. विधेयक तपासणाऱ्या आमदारांच्या चिकित्सा समितीकडे गेलं असतं तर हे सगळे आक्षेप आधीच टेबलावर आले असते.

"पक्षाचा व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश असतो, वाचून काय करणार?" हे उत्तर मला पटत नाही. संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचे नियम, मतदानाबद्दल आणि गैरहजेरीबद्दल बोलते. भाषणात कलम क्रमांक घेऊन मंत्र्याला प्रश्न विचारायला, पक्षाच्या बैठकीत कच्च्या मसुद्यावर भांडायला ती अडवत नाही. आणि मंत्र्याने सभागृहात दिलेलं स्पष्टीकरण नोंदीत राहतं, पुढे कायद्याचा अर्थ लावताना वकील तेच काढून दाखवतात.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. सभागृहात चर्चा कोकणी-मराठीत आणि विधेयकाची प्रत इंग्रजीत. कलम 348 मुळे इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो. म्हणून विधेयकासोबत मराठी आणि कोकणी अनुवाद, आणि डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं, असा तक्ता सभापतींनी सक्तीचा करावा. लोकसभेत विधेयक मांडण्याआधी निदान दोन दिवस प्रत सदस्यांच्या हाती असावी असा निर्देश आहे. मला दोन दिवसही कमीच वाटतात. केंद्राच्या 2014 च्या धोरणात मसुदा 30 दिवस लोकांपुढे ठेवायला सांगितलं आहे. गोव्याने तेवढं तरी करावं.

आणखी एक. "कलम 2 ते 7 विधेयकाचा भाग व्हावा" असं एका दमात म्हटलं जातं, आवाजी मतदान होतं, आणि कोण 'होय' म्हणालं याची नावानिशी नोंद राहत नाही. जमिनीशी संबंधित प्रत्येक विधेयकावर एका तरी आमदाराने मतविभागणी, म्हणजे नावानिशी मतमोजणी, मागावी. एकेका मतदारसंघात जेमतेम तीसेक हजार मतदार, आमदार वाड्यावर भेटतोच. पुढच्या अधिवेशनाआधी त्याला एवढंच विचारा: या विधेयकाच्या कुठल्या कलमाला तुम्ही दुरुस्ती सुचवली आहे?