शून्य की ओ?

आमच्या ऑफिसातल्या सरांना एक नवीन फॉन्ट सापडलाय. जाडजूड, चौकोनी, कोपरे किंचित घासलेले, आणि एकूण आव असा की आत्ता काउंटडाउन संपेल आणि रॉकेट सुटेल. पोस्टरवर एकच शब्द मोठ्ठा टाकला की भारी दिसतो, खोटं कशाला बोलू. पण सर तेवढ्यावर थांबले नाहीत ना, मीटिंगचा अजेंडा, रजेचा फॉर्म, सगळं त्यात, आणि कळस म्हणजे भिंतीवर चिकटवलेला वायफायचा पासवर्ड.

फॉर्मवर बारीक साइजला अक्षरांची पोटं पार बुजतात, 'कारण' लिहायच्या रकान्यावर नुसता काळा पट्टा दिसतो. त्यात फॉन्टमध्ये देवनागरीच नाही, म्हणून मराठी मजकूर कॉम्प्युटर आपल्या मनाने कुठल्यातरी काडीपैलवान फॉन्टात दाखवतो, वर इंग्रजी हेडिंग छाती काढून उभं आणि खाली आम्ही.

हे सरांना सांगायला गेलं की लेक्चर मिळतं. १९५२ साली इटलीत नेबिओलो कंपनीने मायक्रोग्रामा नावाचा असाच चौकोनी फॉन्ट काढला, बुत्ती आणि नोव्हारेसे यांनी डिझाइन केलेला, त्यात फक्त कॅपिटल अक्षरं होती, मग १९६२ मध्ये नोव्हारेसेंनी युरोस्टाइल करून स्मॉल अक्षरं दिली. म्हणजे दहा वर्षं लोक त्यात नुसते ओरडत होते, असं मी म्हटलं तर सर हसले नाहीत.

मला खरं हसू येतं ते चेकच्या तळाशी असलेल्या त्या विचित्र आकड्यांचं. मॅग्नेटिक शाईतले, कुठे मध्येच जाड कुठे बारीक, का तर मशीनने एक आकडा दुसरा समजू नये म्हणून. मग १९७० च्या आसपास तोच अवतार ए पासून झेडपर्यंत सगळ्या अक्षरांना चढवला आणि लोक म्हणाले हेच कॉम्प्युटरचं भविष्य. आमच्या फॉन्टाने त्यातला फक्त रुबाब घेतला, ओळखू येणं तेवढं सोडून दिलं.

कारण यात शून्य चौकोन, ओ पण चौकोन, डी म्हणजे एका बाजूने जरा लाजलेला चौकोन, आठ आणि बी जुळे, पाच आणि एस तर एकमेकांच्या सह्या करतील! नवीन माणूस मोबाइल घेऊन भिंतीपाशी उभा राहिला की आपोआप कमिटी बसते. "शून्य टाक." "अहो ओ आहे तो." "तुम्ही गप्प बसा, मागच्या वेळी तुम्हीच डी म्हणालात."

शेवटी तक्रारी फार झाल्या तेव्हा सरांनी तोडगा काढला. फॉन्टमध्ये तिरकी रेघ मारलेलं शून्य असतं म्हणे, ते वापरलं, मोठ्या अभिमानाने नवीन प्रिंट लावली. आता अक्षरंच एवढी जाड, मधली रेघही तेवढीच जाड, त्यामुळे सगळे तिथे आठ टाकतायत. दोघंतिघं बी वर ठाम आहेत.