‘सांबा सहाशे जीबी खातं’ हे खोटं आहे, डिस्क फॉरमॅट करू नका

पुण्यात फोटोग्राफर मंडळींच्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘४ टीबीची डिस्क लिनक्सच्या एक्स्ट-फोरमध्ये फॉरमॅट करून रास्पबेरी पायवरून घरात शेअर केली, की रिकामी असतानाही ३.४ टीबीच मोकळी दिसते. उरलेले ६०० जीबी सांबा खातं. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, जागा परत मिळेल.’ रास्पबेरी पाय म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, सांबा म्हणजे त्याची डिस्क नेटवर्कवरून विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम, आणि एक्स्ट-फोर व एक्सफॅट या डिस्कवर फाइली मांडायच्या दोन पद्धती, म्हणजे फाइल सिस्टीम. मेसेजमधला आकडा खरा, कारण खोटं आणि सल्ला घातक. लोकांचे लग्नांचे, पालखीचे, विसर्जनाचे फोटो या डिस्कवर असतात.

‘६०० जीबी गेले.’ यातला निम्म्याहून जास्त फरक नुसता मोजणीचा आहे. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणलेली कोरी ४ टीबी डिस्क थेट विंडोजला लावा, ३.६३ दिसेल. तिथे ना लिनक्स असतं, ना सांबा.

‘सांबा खातं.’ सांबा फक्त निरोप्या आहे. फाइल सिस्टीम जो आकडा सांगते तोच तो पुढे पोचवतो. पायवरच ‘डीएफ’ ही जागा मोजणारी कमांड चालवून बघा, मोकळी जागा तेवढीच दिसेल.

मग उरलेली जागा जाते कुठे? एक्स्ट-फोर प्रत्येक १६ केबीमागे फाइलींच्या माहितीसाठी २५६ बाइटची एक नोंद आधीच आखून ठेवतं. ४ टीबीवर त्याचे साधारण ५८ जीबी होतात. शिवाय ५ टक्के, म्हणजे सुमारे १८६ जीबी, रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असतात. डिस्क काठोकाठ भरली तरी सिस्टीमची कामं अडू नयेत आणि फाइलींचे तुकडे कमी व्हावेत, म्हणून ही सोय. विंडोज एकूण जागेतून मोकळी वजा करून बाकीची ‘वापरलेली’ दाखवतं, म्हणून रिकाम्या डिस्कचीही निळी पट्टी थोडी भरलेली दिसते.

ज्या डिस्कवर फक्त फोटो-व्हिडिओ आहेत, तिच्यावर एवढी राखीव जागा लागत नाही. ‘ट्यूनटूएफएस’ (tune2fs) या लिनक्सच्या कमांडला एम (-m) पर्याय देऊन ती १ टक्क्यावर आणा. जवळपास १५० जीबी लगेच मोकळे होतात आणि एकाही फाइलला धक्का लागत नाही. पायची स्वतःची सिस्टीम ज्यावर आहे, त्या कार्डावर मात्र हे करू नका.

‘एक्सफॅटमध्ये जागा वाचते.’ एवढ्या मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटला १२८ केबीचे कप्पे देतं. ५ केबीची फाइलसुद्धा अख्खा कप्पा अडवते, एक्स्ट-फोरमध्ये तिला ८ केबी पुरतात. अशा एक लाख फाइली असतील तर १२ जीबी तिथेच गेले. त्यात एक्सफॅटला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरणारी नोंदवही, नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणाऱ्या या शहरात, कॉपी चालू असताना पाय बंद पडला तर काय होईल याचा विचार करा.

‘डिलीट केलं तरी जागा येत नाही.’ लिनक्सच्या डेस्कटॉपवरून उडवलेल्या फाइली त्याच डिस्कवर ‘.ट्रॅश-१०००’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात पडून राहतात. सांबाचं रिसायकल मॉड्यूल, म्हणजे त्याची स्वतःची कचरापेटी, चालू असेल तर तिथेही साठतात. ते रिकामे करा. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरली असेल, तर तो बंद केल्यावरच जागा सुटते.

मेसेज वाचून कुणी फॉरमॅट करून बसलं असेल, तर त्या डिस्कवर आता काहीही कॉपी करू नका. क्विक फॉरमॅट असेल तर बराचसा डेटा अजून तिथेच असतो. डिस्क काढून बाजूला ठेवा आणि आधी रिकव्हरी करून घ्या.