फाइल उघडायची आहे, साठवायची नाही!

ब्राउझरमध्ये लिंकवर क्लिक केलं की स्प्रेडशीट लिबरऑफिसमध्ये उघडावी, पीडीएफ नेहमीच्या रीडरमध्ये, टोरंट टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये. यापलीकडे काही मागणं नाही. पूर्वी ब्राउझर सरळ विचारायचा, ‘उघडू की सेव्ह करू?’ खाली ‘यापुढे नेहमी असंच कर’ची चौकट असायची. एकदा टिक केली की परत त्या वाटेला जावं लागत नसे.

फायरफॉक्स या ब्राउझरने मार्च २०२२मध्ये, ९८व्या आवृत्तीत, ही विचारणाच बंद करून टाकली. म्हणे क्लिक कमी होतात. कुठे कमी होतात? आता फाइल न विचारता डाउनलोड्समध्ये जाऊन पडते, मग पॅनेलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या डाउनलोड्सच्या यादीत, तिच्यावर क्लिक करा, तेव्हा ती उघडणार. तीच फाइल पुन्हा बघायची म्हणून पुन्हा क्लिक केलं की नावापुढे (१), (२), (३) लावून नवी प्रत. एकदा नजर टाकून सोडून द्यायच्या फाइलींनी फोल्डर भरून वाहतो आणि तो साफ करत बसायचं आपण!

विचारणा परत आणता येते, पण ती कुठे दडवून ठेवली आहे बघा. सेटिंग्ज, जनरल, खाली सरकत ‘फाइल्स अँड ॲप्लिकेशन्स’, त्यात ‘ॲप्लिकेशन्स’ची यादी, आणि त्या यादीच्याही खाली ‘इतर फाइलींचं काय करायचं’ हा प्रश्न. तिथे ‘उघडायची की सेव्ह करायची ते विचार’ हा पर्याय निवडा. यादीतल्या प्रत्येक प्रकारासमोर ‘सेव्ह फाइल’, ‘ऑलवेज आस्क’, ‘यूज अदर’ असे पर्याय असतात. हवा तो प्रोग्रॅम ‘यूज अदर’मधून द्यायचा. पण हवा तो प्रकार यादीतच नसला तर? हाताने नवा प्रकार घालायची सोयच नाही! आधी तसली एक फाइल डाउनलोड करा, पॅनेलमध्ये तिच्यावर राइट क्लिक करून ‘ऑलवेज ओपन सिमिलर फाइल्स’ निवडा, मग तो प्रकार यादीत उगवणार. इतक्या वर्षांत एक ‘नवीन’ बटण देता आलं नाही?

तात्पुरत्या उघडलेल्या फाइली डाउनलोड्समध्ये नको असतील तर अबाउट-कॉन्फिगमध्ये (पत्त्याच्या पट्टीत about:config लिहिलं की उघडणारं आतल्या सेटिंग्जचं पान) ‘स्टार्ट डाउनलोड्स इन टीएमपी’ (start_downloads_in_tmp) एवढं शोधा आणि ते कलम ट्रू, म्हणजे चालू करा. मग त्या टेम्प नावाच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये उतरतात. मात्र एक लक्षात ठेवा, टेम्पमधून उघडलेल्या फाइलीत बदल केलेत तर ती आधी ‘सेव्ह ॲज’ने दुसरीकडे हलवा. ब्राउझर बंद होताना टेम्पमधली प्रत पुसली जाऊ शकते आणि तासाभराचं काम तिच्याबरोबर जातं. नियमांचाच गोंधळ झाला असेल तर फायरफॉक्स बंद करून प्रोफाइल फोल्डरमधली (जिथे तो तुमची सेटिंग्ज ठेवतो) ‘हँडलर्स.जेसन’ (handlers.json) फाइल काढून टाका, यादी मुळापासून नवी तयार होते. फोल्डर कुठे आहे ते अबाउट-सपोर्ट (about:support) या पानावर दिसतं.

क्रोममध्ये तर प्रोग्रॅम निवडायचीच सोय नाही. ‘या प्रकारच्या फाइली नेहमी उघड’ एवढंच सांगता येतं, कशात उघडायच्या ते ऑपरेटिंग सिस्टिम ठरवणार. चुकून नको तो प्रकार टिक झाला, तर सेटिंग्जमधल्या ‘डाउनलोड्स’ पानावर ‘क्लिअर’चं एकच बटण आहे आणि ते सगळेच प्रकार एकदम पुसतं. कोणते प्रकार लावलेत याची यादीसुद्धा दाखवत नाहीत. पीडीएफ टॅबमध्येच उघडत असेल तर साइट सेटिंग्जमधल्या ‘ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज’मध्ये ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ शोधून ‘डाउनलोड’ निवडा.

आणि एवढं सगळं नीट करूनही फाइल उघडत नाही, तेव्हा बहुतेकदा खरा दोष असतो साइट बनवणाऱ्यांचा. सर्व्हर प्रत्येक फाइलीबरोबर तिचा प्रकार एका हेडरमध्ये, म्हणजे फाइलीआधी येणाऱ्या माहितीच्या ओळीत, पाठवतो; त्या ओळीचं नाव ‘कंटेंट-टाइप’. पीडीएफ असेल तर ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ असं लिहायला हवं. पण आळशीपणाने सरसकट ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ पाठवतात, म्हणजे ‘हे काहीतरी बाइट्स आहेत, काय ते तुम्ही बघा’. मग ब्राउझरने काय लक्षात ठेवायचं? प्रोग्रॅमपासून फोटोपर्यंत काहीही या नावाखाली येऊ शकतं, म्हणून ‘नेहमी असंच कर’ची चौकट पुसट होते, आणि ते बरोबरच आहे. त्यावर कडी म्हणजे ‘कंटेंट-डिस्पोझिशन’ या दुसऱ्या हेडरमध्ये ‘अटॅचमेंट’ लिहून ठेवतात, म्हणजे वाचायचं पानसुद्धा डाउनलोडच करा! अहो, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक ओळ बदलायची असते. ती न बदलल्यामुळे प्रत्येक वाचकाने आपापल्या सेटिंग्जमध्ये खड्डे खणायचे का? हे तपासायचं असेल तर एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅब उघडा, फाइलीच्या लिंकवर क्लिक करा, टॅबमध्ये आलेली तिची ओळ निवडा आणि हेडरमधलं ‘कंटेंट-टाइप’ वाचा. तिथे ऑक्टेट-स्ट्रीम दिसलं की ब्राउझरशी झगडणं थांबवा आणि साइटवाल्यांना लिहा.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. विंडोज ११मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, वरच्या चौकटीत टिंबासकट एक्स्टेन्शन (फाइलीच्या नावाचं शेपूट, जसं .pdf) टाइप करा आणि प्रोग्रॅम निवडा. मॅकवर फाइल निवडून कमांड-आय, ‘ओपन विथ’ बदला आणि खालचं ‘चेंज ऑल’ दाबायला विसरू नका, नाहीतर बदल त्या एका फाइलीपुरताच राहतो.

लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधला (बाकी सिस्टिमपासून वेगळा ठेवून प्रोग्रॅम बसवायच्या या दोन पद्धती) ब्राउझर असेल तर त्रास दुप्पट. उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स स्नॅपमधूनच येतो. तो सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंदिस्त खोक्यात, कोंडलेला असल्याने ‘यूज अदर’मध्ये त्याला तुमचे प्रोग्रॅम धड दिसत नाहीत, आणि त्याचा /टीएमपी (म्हणजे टेम्प फोल्डर) बाकी सिस्टिमच्या /टीएमपीपेक्षा वेगळा असतो. म्हणून टेम्पमध्ये उतरलेली फाइल बाहेरच्या प्रोग्रॅमला सापडतच नाही, आणि तो ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणतो. माणूस बिचारा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो! प्रोग्रॅमचा काहीच दोष नसतो. अशा वेळी वर सांगितलेलं स्टार्ट डाउनलोड्सचं ते कलम फॉल्सवर, म्हणजे बंद ठेवा म्हणजे फाइल होममधल्या डाउनलोड्समध्ये उतरेल, किंवा स्नॅप काढून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या एपीटी भांडारातलं डेब पॅकेज, म्हणजे उबुंटूची जुनी नेहमीची आवृत्ती, घाला.