धूर नाही, तरी गाडी नापास

कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चाचणीची (गाडीच्या प्रदूषण तपासणीची) सूचना आली की माझे डोके तापते. गाडी धूर सोडत नाही, धोक्याचा दिवाही लागत नाही. तरीही नुकतीच बॅटरी बदलली एवढ्यावरून गाडीच्या संगणकातील रेडिनेस मॉनिटर, म्हणजे प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणांची तपासणी पूर्ण झाल्याच्या नोंदी, पुसले जातात आणि धडधाकट गाडी नापास ठरते. २००० किंवा त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत केवळ इंधनाच्या वाफेचा मॉनिटर अपूर्ण असला तर चालतो, बाकीचे पूर्ण हवेत. मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागाचा) मॉनिटर पूर्ण व्हावा म्हणून, रात्रभर थंड ठेवलेले इंजिन सुरू करून, महामार्गावर एकसारख्या वेगाने निष्कारण पेट्रोल जाळत हिंडायचे, आणि तेही म्हणे प्रदूषण रोखण्यासाठी! शुल्क घेण्याआधी साधा स्कॅनर जोडून पाहण्याची तसदी मात्र चाचणी केंद्रवाले घेत नाहीत.