एक लाख कोटी नेमके कुणाला?

सध्या गटागटांतून एक मजकूर फिरतोय: 'सरकारने संशोधनाला एक लाख कोटी दिले. पैशाला तोटा नाही, राजकारणाचा इथे संबंध नाही. शास्त्रज्ञांनी रडगाणं थांबवून काम दाखवावं.'

आधी ते एक लाख कोटी. १ जुलै २०२५ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला हा निधी मुख्यतः खासगी उद्योगांसाठी आहे. त्यातून कमी किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचं कर्ज मिळेल, काही ठिकाणी भांडवल. तेही तंत्रज्ञान प्राथमिक टप्प्याच्या पुढे गेलं असेल तर. विद्यापीठात मूलभूत प्रश्नावर काम करणाऱ्या प्राध्यापिकेला यातून अनुदान मिळत नाही. तिच्यासाठी 'अनुसंधान' राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान ही संशोधनाला अनुदान देणारी सरकारी संस्था आहे. त्याचे पाच वर्षांचे ५०,००० कोटी गाजले, पण त्यातला बराच मोठा वाटा उद्योग आणि देणगीदारांकडून येणं अपेक्षित होतं. २०२३-२४च्या अर्थसंकल्पात २,००० कोटी ठेवले, सुधारित अंदाजात ३०० कोटीसुद्धा उरले नाहीत. मथळा मात्र फेब्रुवारीतलाच लक्षात राहतो.

पैशाला तोटा नाही? देशाचा एकूण संशोधन खर्च २०१०-११ मध्ये सुमारे ६०,००० कोटी होता, दहा वर्षांत तो दुपटीवर गेला, हे खरं. पण अर्थव्यवस्थाही वाढली, आणि २०२०-२१ मध्ये हा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्केच होता. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया चारच्या.

आणि राजकारणाचा संबंध नाही म्हणणाऱ्याने औंढा नागनाथला जाऊन यावं, जिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. या लहरी सापडल्याची घोषणा फेब्रुवारी २०१६ मध्ये झाली आणि आठवड्याभरात मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. फोटो, अभिनंदन, सगळं झालं. २,६०० कोटींची अंतिम मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये. तत्त्वतः मान्यतेवर वेधशाळा उभी राहत नाही.

कमी गाजलेले निर्णय तर याहून जास्त बोचतात. जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. म्हणजे सरकारने दिलेल्या अनुदानातला हिस्सा सरकारकडेच परत. २०२४ मध्ये तर खुद्द अनुदानावर कर मागणाऱ्या नोटिसा आयआयटी दिल्लीसारख्या संस्थांना गेल्या. ओरड झाल्यावर सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेने सूट दिली. सरकारी पोर्टलवरूनच खरेदी करायची सक्ती संशोधन उपकरणांपुरती सैल झाली ती जून २०२५ मध्ये. हे सगळे निर्णय मंत्रालयांत आणि परिषदांत झाले, आणि बदललेही तिथेच.

राहिलं 'काम दाखवा'. हिशेब मागावाच. फक्त तो उद्योगांकडेही मागावा: २०२०-२१च्या त्याच खर्चात आपल्या खासगी क्षेत्राचा वाटा जेमतेम ३६ टक्के होता, चीन-कोरियात तो तीन चतुर्थांशाच्या वर जातो.