दारात काय लावायचं?

कोल्हापुरात बाग करायची म्हटली की सल्ल्याला तोटा नाही, तोटा जागेला. आमच्या दारात दोन गाड्या लावून जे उरतं त्याला आम्ही बाग म्हणतो. भाचा लँडस्केप डिझाइन शिकतोय, म्हणून तो त्याला 'साइट' म्हणतो.

"मामा, झाडं निवडणं ही क्रिएटिव्ह प्रोसेस आहे," म्हणत त्यानं कागद पसरला. कागदावर नुसते रंगीत गोल. पिवळा बहाव्याचा, त्याला खेटून जांभळा ताम्हणाचा. दोन्ही एप्रिल-मेमध्ये फुलतात, पिवळ्याशेजारी जांभळा खुलतो, शिवाय ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल. सगळं पटलं. ही झाडं वाढून आमच्या गच्चीवरून पलीकडं बघतील, एवढंच त्या गोलांत दिसत नव्हतं. कडेनं लॅव्हेंडर. त्याच्या मुळांना पाणी साचलेलं सोसत नाही, आणि आमच्या दारात २०१९ ला अन् २०२१ ला साक्षात पंचगंगा येऊन गेलीय. मधल्या जागेत 'टेक्श्चर'साठी शोभेचं गवत.

आईनं चष्मा लावला. "ह्यात जास्वंद कुठाय? गणपतीला गवत वाहू व्हय?"

"आज्जी, गणपतीला गवतच वाहतात की."

त्यावर आईनं त्याच्याकडं जे बघितलं, त्यानंतर जास्वंदाचा एक लाल गोल आपोआप उमटला. बायकोनं कढीपत्ता घुसवला. कण्हेर विषारी म्हणून गेली. शेजारच्या तात्यांनी आंब्याचं कलम सुचवलं. सावली बरोब्बर त्यांच्या गाडीवर पडेल अशा जागी.

नर्सरीतल्या माळीमामांनी आराखडा उलटा धरून बघितला, घडी घालून परत दिला. मग एक रोप उचललं, काळ्या पिशवीचं बूड फाडलं आणि आत गोल गोल फिरलेली मुळं नखानं दाखवली. "ही पिशवीतच म्हातारी झाल्यात. ह्यो नको, त्यो घ्या." अख्ख्या प्रोसेसमध्ये मला कळलेलं एवढंच.

हा घोळ चालू असताना कंपाउंडच्या भेगेत पक्ष्यांच्या कृपेनं औदुंबर उगवला. पाणथळ जागा त्याला मानवते, म्हणजे साइटला अगदी योग्य. भिंत फोडणार हे सगळ्यांना दिसतंय. पण नरसोबाच्या वाडीचे भक्त असलेल्या घरात औदुंबराला हात कोण लावणार? भाच्यानं नवा कागद घेतला, औदुंबराला 'फोकल पॉइंट' केलं. आईला आता त्याला पार बांधून हवाय.

एक गाडी तेवढी रस्त्यावर लावा म्हणाली.