दवाखान्याची बॅग

गरोदर बाईची दवाखान्यात न्यायची बॅग छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून तयार असावी, असे डॉक्टर सांगतात. ती कोणी भरावी, हे मात्र त्या सांगत नाहीत, आणि पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून सोलापूरला माहेरी आलेल्या माझ्यासारखीला नेमके हेच न सांगणे महागात पडते. पोट माझे आहे आणि कळा मलाच येणार आहेत, याबद्दल घरात कोणाचाही वाद नाही. परंतु बॅग ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे आमच्या घराने मला न विचारता, एकमताने ठरवून टाकले आहे.

वास्तविक दवाखान्याने एक छापील यादी दिली होती. प्रतीवरून प्रत काढून फिकट झालेल्या त्या अर्ध्या पानावर तपासण्यांची फाईल, आधार कार्ड, विम्याचे कार्ड असल्यास ते, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठ्या आकाराचे पॅड, सुती दुपटी, लंगोट, टोपडे, पायमोजे, वाटी-चमचा आणि थर्मास इतकेच लिहिले होते. एवढे सामान एका बऱ्यापैकी पिशवीत मावले असते आणि हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण आजीने तो कागद चष्मा लावून सावकाश वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, “हे दवाखान्याचं झालं. आता बाळंतपणाचं काढा.”

आजीची सगळी बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातची झालेली असल्यामुळे दवाखाना या संस्थेकडे ती एखाद्या होतकरू पण अननुभवी सुनेकडे पाहावे तशी पाहते. तिच्या यादीत वेखंड, ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, जुनी नऊवारी, कुंची, लोकरीची कानटोपी, स्वेटर, चांदीचे बोंडले, मध, सहाण आणि शेकशेगडी एवढ्या वस्तू होत्या. भिंतीतून ऑक्सिजनच्या नळ्या गेलेल्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी पेटवू देणार नाहीत, हे तिला पटवून देण्यास वडिलांना अख्खी संध्याकाळ लागली, आणि पटल्यानंतरही, “मग गॅलरीत तरी?” असे तिने विचारलेच.

या यादीतील कुंची शिवण्यापलीकडे बाळासाठी नवीन काहीही घ्यायचे नाही, हा दुसरा हुकूम. बाळ हातात येण्यापूर्वी त्याचे कपडे विकत आणू नयेत, असा आमच्याकडे रिवाज आहे, आणि बॅग तर बाळ येण्यापूर्वी भरायची आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाळायच्या म्हणजे जगात जन्मणाऱ्या माझ्या अपत्याने पहिले काही दिवस नातेवाइकांच्या मुलांचे कपडे घालून काढायचे. त्याप्रमाणे झबल्यांची आवक सुरू झाली. आत्येभावाच्या मुलीची झबली आली, मामेबहिणीच्या जुळ्यांची आली आणि एक तर असे आले, की ज्याचा मूळ मालक सध्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी आधी नाक मुरडले होते. परंतु हातात घेतल्यावर त्या धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाचा मऊपणा कोणत्याही नव्या पुडक्यातल्या कपड्याला येणार नाही, हे मान्य करावे लागले. नव्या कापडात खळ असते, आणि यंत्रमागाच्या गावात ती कशी खरखरते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

स्वेटरवरून मात्र खरी लढाई झाली. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत जातो, रात्री अकरालाही गच्चीची फरशी पायाला चटका देते, आणि अशा हवेत आजी लोकरीची कानटोपी घड्या घालून ठेवत होती. पुढच्या तपासणीला मी हा प्रश्न थेट डॉक्टरांपुढे मांडला, तेही आजी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना, कारण मला निकाल तिच्या कानांनी ऐकवायचा होता. डॉक्टर म्हणाल्या, की नुकत्याच जन्मलेल्या ओल्या बाळाच्या अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते, त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, म्हणून त्याला लगेच कोरडे करून आईच्या अंगाशी ठेवतात आणि डोक्यावर टोपी घालतात; पहिली आंघोळसुद्धा शक्यतो चोवीस तास पुढे ढकलतात. एवढे ऐकून आजी खुर्चीतून उठली. उन्हाळ्यात बाळाला फार गुंडाळून उकडवू नये आणि टोपी सुती असावी, हे निकालाचे उरलेले अर्धे पान तिने दाराबाहेर उभे राहून ऐकले, म्हणजे ऐकले नाही.

मधाचा खटला मी जिंकला, असे कागदोपत्री म्हणता येईल. जन्मानंतर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावायचे, पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक फेकून न देता पाजायचा, सहा महिने आईच्या दुधाखेरीज मध, गुटी, गूळपाणी, साधे पाणीदेखील द्यायचे नाही, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नाही, कारण त्यातून क्वचित बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. हे सगळे मी आजीला सविस्तर सांगितले. तिने शांतपणे वडिलांकडे बोट दाखवले. “ह्याला पहिल्या दिवशी मधाचं बोट लावलं होतं. काय झालं?” वडील त्या क्षणी पंख्याखाली बनियनवर बसून कलिंगड खात होते आणि पुरावा म्हणून फारसे प्रभावी दिसत नव्हते, तरीही त्यांच्या जिवंत असण्यावर आक्षेप घेणे मला जमले नाही. शेवटी बोंडले बॅगेत रिकामे जाईल, अशी तडजोड झाली. मधाची लहान बाटली मी रोज सकाळी बाजूच्या कप्प्यातून काढून स्वयंपाकघरात ठेवते आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा कप्प्यात असते. ती कोण ठेवते, यावर घरात कोणी बोलत नाही.

सोलापुरात जन्मणाऱ्या बाळाला टॉवेलांची टंचाई पडणे शक्य नाही. इथली चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि आमचे काका अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी सेकंडच्या मालातला एक गठ्ठाच आणून दिला. माल उत्तम आहे; एवढेच, की तो परदेशातल्या एका हॉटेलासाठी विणलेला असून प्रत्येक टॉवेलाच्या काठावर त्या हॉटेलाचे नाव उठावदार अक्षरांत आहे. म्हणजे माझ्या अपत्याचा पहिला फोटो पाहणाऱ्या कोणालाही ते हॉटेलातून उचलून आणले आहे, असे वाटावे. काकांनी सोबत चादरही दिली. सोलापुरी चादरीबद्दल मला पुरेसा अभिमान आहे, परंतु ती ओली झाली तर पिळायला दोन माणसे लागतात, आणि तिने बॅगेचा एक संपूर्ण मजला व्यापला आहे.

माझा नवरा पुण्यात राहून या सर्वांवर देखरेख करतो. शनिवार-रविवारी तो हुतात्मा एक्सप्रेसने येतो आणि येताना लॅपटॉपवर एक रंगीत तक्ता घेऊन येतो. त्यात ‘अत्यावश्यक’, ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास उत्तम’ अशा तीन रकान्यांत त्याने इंटरनेटवरून गोळा केलेल्या वस्तू आहेत. कळांच्या वेळी ऐकायच्या शांत संगीतासाठी लहान स्पीकर, सुगंधी तेल, ओठांचे मलम, नर्सिंगची उशी, मोबाईल उभा करायचा स्टँड. दवाखान्याच्या सामायिक प्रसूतिकक्षात, पडद्यापलीकडे दुसरी बाई ओरडत असताना, मी धबधब्याचे आवाज ऐकत पडावे, अशी त्याची प्रामाणिक इच्छा आहे. त्याच्या तक्त्यातली एकच वस्तू आमच्या घराने तत्काळ मंजूर केली, ती म्हणजे लांब वायरचा चार्जर. कारण खाटेजवळ प्लग नसतो, हे वहिनीला अनुभवाने ठाऊक होते. ओठांचे मलम मीच गुपचूप ठेवले आहे.

या दोन बॅगा झाल्या, एक माझी आणि एक बाळाची. तिसरी सोबत थांबणाऱ्यांची. ती शेजारच्या अक्कांनी सुरू केली. अक्का पूर्व भागातल्या, घरात तेलुगू आणि आमच्याशी मराठी बोलणाऱ्या. त्यांचे म्हणणे असे, की बाळंतिणीला दवाखाना बघतो, बाळाला बाळंतीण बघते, पण रात्रभर बाकावर बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. म्हणून ज्वारीच्या कडक भाकरींची चळत, शेंगाचटणीचा डबा, दही लावायचे भांडे आणि कांदे कापायला सुरी असा जामानिमा तयार झाला. कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, त्यामुळे बाळाने कितीही उशीर केला तरी ही एकमेव पिशवी कधीही शिळी होणार नाही. तिकीट काढून परगावी जायचे असल्यासारखे वडील अधूनमधून त्या डब्याचे झाकण उघडून खात्री करतात आणि एक तुकडा मोडून तोंडात टाकतात.

आता वेळापत्रकाचे सांगते. बाळाचा प्रत्येक कपडा धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवायचा असतो. उन्हाचा प्रश्न नाही. प्रश्न पाण्याचा आहे. उजनीच्या भरवशावर असलेल्या आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते, आणि ज्या दिवशी येईल असे कळते त्या दिवशी ते येतेच असे नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेचीही हीच तऱ्हा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ती काढतात, आणि शंभरातली जेमतेम चार-पाच बाळे त्या तारखेचा मान राखतात. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यापासून पुढे केव्हाही ती येऊ शकतात. त्यामुळे आईच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाण्याचा दिवस निळ्या आणि बाळाचा दिवस लाल पेनाने लिहिलेला असला, तरी दोन्हींच्या पुढे तिने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. दोन्ही एकाच रात्री आले तर रिक्षा कोणी बोलवायची आणि मोटर कोणी लावायची, यावर एक बैठक झाली. निर्णय झाला नाही.

फाईल ही या बॅगेतली खरी मौल्यवान वस्तू. तीत रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचे अहवाल, धनुर्वाताच्या इंजेक्शनांच्या नोंदी, माता व बाल संरक्षण कार्ड असे सारे काही आहे, आणि मध्यरात्री अनोळखी डॉक्टरपुढे माझ्यापेक्षा तीच अधिक बोलणार आहे. म्हणून ती बॅगेत सर्वांत वर हवी. पण शेवटच्या महिन्यात तपासणी दर आठवड्याला असते, त्यासाठी फाईल बाहेर काढावी लागते, आणि बाहेर निघालेली फाईल सोनोग्राफीतला बाळाचा हात पाहू इच्छिणाऱ्या नातेवाइकांकडून फिरत फिरत टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा देवघरात सापडते. मुलगा की मुलगी हे त्या चित्रात शोधणाऱ्यांनाही मी अडवत नाही. 1994 च्या कायद्याने डॉक्टरांना ते सांगण्यास बंदी आहे, पण बार्शीच्या मावशीला नाही. तिने काळ्या-पांढऱ्या धुरकट कागदाकडे एकदा आणि माझ्या चालण्याकडे एकदा पाहून निकाल दिला आणि चहा मागितला.

मावशी आली तेव्हा तिने प्रथम बॅग रिकामी केली. येणारी प्रत्येक बाई ती रिकामी करतेच. सगळे सामान पलंगावर मांडले जाते, ‘हे कशाला’ आणि ‘हे कसं नाही’ असे दोन ढीग होतात आणि मग बॅग पुन्हा भरली जाते. मावशीने आपल्यासोबत गाऊनांचा गठ्ठा आणला होता. तिचे ऐनवेळी सिझेरियन झाले होते, दोन दिवसांच्या तयारीने गेलेल्या तिला आठवडाभर राहावे लागले होते आणि तिसऱ्या दिवशी घालायला काही उरले नव्हते, हे तिने गाऊन रचता रचता सांगितले. वहिनीचा चार्जर तसाच; रात्री फोन बंद पडला आणि भाऊ चुकीच्या मजल्यावर बसून राहिला. थोड्या निरीक्षणानंतर मला कळले, की माझ्या बॅगेत माझ्या बाळंतपणाचे फारसे काही नाहीच. त्यांना त्यांच्या वेळी जे जे कमी पडले, ते ते त्या आता कोंबत आहेत.

आईने मात्र काही सांगितले नाही. बॅगेच्या आतल्या कप्प्यात मला एक लहानसा बटवा सापडला, त्यात एक रुपयाची नाणी होती, बरीच. विचारल्यावर ती म्हणाली, की माझ्या वेळी रात्री दवाखान्याबाहेरच्या नाण्याच्या फोनवरून घरी कळवायला वडिलांकडे सुटा रुपया नव्हता. आता असे फोन उरले नाहीत, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, हे मी तिला समजावून सांगू लागले. “माहितीये मला,” ती म्हणाली, “राहू दे.” राहू दिला.

काल मी शेवटची तपासणी करावी म्हणून स्वतः पलंगावर सगळे मांडले. तीन बॅगा, थर्मास, चादर, हॉटेलचे टॉवेल, स्वेटर, स्पीकर, मधाची बाटली. आणि मग विचारले, की मी घरी येताना काय घालून येणार? कोणीच उत्तर दिले नाही. बाळाला येतानाचे झबले ठरलेले होते, त्यावरची कुंची ठरलेली होती, ओवाळायचे ताट कोणी धरायचे हेही ठरलेले होते. आई म्हणाली, “तू अंगावर जे घालून जाशील, तेच की.” मी सांगितले, की जाताना जे अंगावर असेल ते येताना घालण्याजोगे राहील असे डॉक्टरांच्या वर्णनावरून वाटत नाही. मावशीने माझ्या लग्नाआधीचा निळा कुर्ता सुचवला. त्यावर आजी हसली आणि तिने या प्रकरणातले सर्वांत बिनचूक वैद्यकीय मत दिले, की बाळ बाहेर आले म्हणून पोट लगेच आत जात नाही, पिशवी जागेवर जायला सहा आठवडे लागतात, तेव्हा आत्ता होतो तोच सैल अंगरखा ठेवा.

तो अंगरखा ठेवायला माझ्या बॅगेत जागा नव्हती, बाळाच्या बॅगेत तर नव्हतीच, आणि चादर काढायला काका तयार नव्हते. अखेर तो तिसऱ्या पिशवीत, कडक भाकरींच्या वर ठेवला आहे. चटणीचे तेल लागू नये म्हणून अक्कांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिला आणि वडिलांना बजावले, की डबा उघडल्यावर झाकण नीट लावत जा.